दीड सेकंदाची चोरी

१

सोमवारी सकाळी साडेनऊला कटरबाईंनी शेवटच्या गाण्याची टेप मशीनवर चढवली, आणि दहाला दहा कमी असताना त्यांच्या लक्षात आलं की कुणीतरी आपल्या नाकावर टिच्चून चोरी केली आहे.

चोरी केवढी? दीड सेकंदाची. हातात धरली तर कोपरापासून बोटांपर्यंतच काय ती, जराशी जास्त. तेवढी तपकिरी फीत कापून नेली होती आणि तिच्या जागी तेवढ्याच लांबीचा कोरा तुकडा बसवला होता.

कटरबाईंना हे नाव त्यांच्या धंद्यानं दिलेलं. टेपवरचं गाणं लेथवर फिरणाऱ्या मऊ तबकडीत सुईनं कोरायचं, आणि त्या कोरलेल्या तबकडीवरून पुढे कारखान्यात हजार तबकड्या निघायच्या, असं ते काम. मधली पंधरा-वीस वर्षं या कामाला कुणी कुत्रं विचारत नव्हतं. मग एकाएकी तरुण पोरांना जुन्या तबकड्यांचं वेड लागलं आणि बाईंच्या दारात रांग लागली.

‘गंज’ हा तसल्याच वेडातून निघालेला अल्बम. हेवी मेटल, पण आजच्या चकचकीत पद्धतीचं नाही. जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर, जुनी टेप, तिघांनी एका हॉलमध्ये एकदम वाजवायचं आणि ते थेट एकाच फितीवर उतरवायचं. नंतर जोडाजोड नाही, डागडुजी नाही. दुसरी प्रतसुद्धा नाही, कारण प्रत काढली की आवाजाची धार जाते, असं त्यांच्या गिटारवाल्याचं म्हणणं. हा बँडचा म्होरक्या. डावखुरा, गिटार उलटी गळ्यात अडकवणारा, बोलायला मवाळ आणि हट्टाला लोखंड.

शेवटचं गाणं साडेअकरा मिनिटांचं. नवव्या मिनिटाला सगळी वाद्यं एका झटक्यात गप्प होतात. सहा सेकंद काही नाही. त्या शांततेच्या मध्यावर एक ओरडा येतो, आणि तो विरला की सगळा बँड पुन्हा अंगावर कोसळतो. त्या ओरड्यानं बाईंच्या अंगावर काटा आला होता, आणि बाईंच्या अंगावर काटा यायला बरंच काही लागतं.

आज तिथे ओरडा नव्हता. सहा सेकंद नुसतं रितेपण. बाईंनी टेप हातानं मागे फिरवली, डोळे मिटले आणि पाठीवरून बोट सरकवत नेलं. एक जोड लागला. जरा पुढे दुसरा.

गेल्या बुधवारी सगळे इथेच बसून गाणं ऐकून गेले होते. गिटारवाला, गायक, ड्रमवाला आणि गाणं टेपवर उतरवणारी रेकॉर्डिस्ट, म्हणजे बाईंची सख्खी नणंद. ऐकून झाल्यावर बाई सहज म्हणाल्या होत्या, “ह्या ओरड्यात दोन आवाज आहेत, नाही का रे?”

विषय तिथेच राहिला होता. पुढच्या तीन दिवसांत मात्र चौघंही काही ना काही निमित्त काढून एकेकटे येऊन गेले. टेपच्या कपाटाला कुलूप नव्हतं आणि बाई अर्धा वेळ लेथच्या खोलीत होत्या.

बाईंनी ब्लेडनं कापलेल्या कडेवर भिंग धरलं. तिरका, स्वच्छ, केसाइतकाही न चुकलेला काप. असा काप घेणारे हात त्यांच्या ओळखीत तीनच होते. एक त्यांचा स्वतःचा. दुसरा आता अधू झालेला.

तिसरा त्यांच्या नणंदेचा.

२

“म्हणजे मी चोर?” नणंदेनं पर्स टेबलावर आपटली.

“मी असं म्हटलं का?”

“वहिनी, तू म्हणत नाहीस. तू भिंगातून बघतेस. ते जास्त लागतं.”

बाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला. या दोघी गेली बावीस वर्षं एकमेकींशी भांडत होत्या आणि एकमेकींवाचून त्यांचं पान हलत नव्हतं. नणंदेचा स्टुडिओ तीन गल्ल्या पलीकडे. तिनं उतरवायचं, वहिनीनं कोरायचं, अशी वाटणी होती.

“दोन आवाज आहेत म्हणालीस ते मला झोंबलं होतं,” नणंद चहा न पिताच म्हणाली. “माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नको तो आवाज घुसला असा त्याचा अर्थ. शुक्रवारी आले तेव्हा तेच विचारणार होते, पण धीर झाला नाही. कापलं मात्र मी नाही. त्याच दिवसाचा दुसरा टेक आहे माझ्याकडे. त्यातला तुकडा आणून देते, जोड आणि विषय संपव.”

“जोडायचं काय ते नंतर बघू. आधी कुणी तोडलं ते कळू दे. मला त्या दिवसाचं सगळं सांग.”

“त्या दिवसाचं?” नणंदेचा चेहरा उतरला. “तो दिवस कुठला, माहीत आहे ना तुला?”

माहीत होता. तीन महिन्यांपूर्वीचा, बल्बकाका पडले तो दिवस.

बल्बकाका म्हणजे स्टुडिओतला जुना कारागीर. व्हॉल्व्हवर चालणारं कुठलंही यंत्र त्यांच्या हातून दुरुस्त होऊन जायचं. आत लालसर दिवे लुकलुकतात म्हणून पोरांनी नाव ठेवलं बल्बकाका. बाईंना टेपचा जोड द्यायला त्यांनीच शिकवलं, नणंदेलाही त्यांनीच. गिटारवाला तर त्यांचा भाचा, आई गेल्यापासून त्यांच्याच घरी वाढलेला. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर मामानं स्वतःच्या हातानं बांधून दिलेला.

“मागचा जिना आपण घुमारा यावा म्हणून वापरतो,” नणंद सांगू लागली. “हॉलमधला आवाज जिन्यातल्या स्पीकरवर सोडायचा, वरच्या मजल्यावर माइक लावायचा. दगडी जिन्यातून आवाज असा काही भरून येतो की बस. सकाळपासून सहा गाणी झाली. शेवटचं साडेअकराला घेतलं, तीन वेळा. तिसरं ठेवलं. बाराच्या सुमारास समोरच्या कॅन्टीनमध्ये जेवायला गेलो, परत येऊन ऐकत बसलो. अडीच वाजता मी जिन्याचं दार उघडलं तर काका खालच्या वळणावर पडलेले. डोक्याला मार, मेंदूत रक्त साकळलेलं. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर उजवा हात वाचला असता.”

“तुम्ही जेवायला गेल्यावर पडले, असंच सगळे धरून चालले.”

“मग दुसरं काय धरणार? काकांना तर काहीच आठवत नाही. ते म्हणतात, म्हातारा झालो, पाय लटपटला, चूक माझीच. हत्यारांची पेटी वाटून टाकली त्यांनी, वहिनी. मी त्या दाराला कुलूप लावलं असतं तर...” तिनं डोळे पुसले. “स्टुडिओ बंद करावा असं रोज सकाळी मनात येतं.”

“दिवा होता जिन्यात?”

“ट्यूब चालू होती. मी दार उघडलं तेव्हा लख्ख उजेड होता. म्हणून तर कळेना, उजेडात पडले कसे.”

“आणि तुझा माइक, स्पीकर?”

“ते आधीच काढून जागेवर ठेवलं होतं कुणीतरी. वायरीही गुंडाळलेल्या, पण उलट्या. दुसऱ्या दिवशी उलगडताना नुसता पीळ. त्या गडबडीत कोण विचारतंय कुणी ठेवलं ते.” ती जरा थांबली. “काकांच्या खिशात काय निघालं माहीत आहे? ट्यूबचा नवा स्टार्टर. बिचारे खिशात काहीबाही घेऊनच फिरायचे.”

बाईंचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

३

गायकाला सगळे भोंगा म्हणत. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा आणि इतक्या हळू बोलायचा की गिऱ्हाइकं ‘काय?’ म्हणून पुढे वाकत. बाईंनी त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत गाठलं.

“ओरडा गेला,” त्या म्हणाल्या.

भोंग्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “खरं सांगू, बाई? मला सुटल्यासारखं झालं.”

“तू कापलास?”

“मला सेलोटेप नीट लावता येत नाही, फीत काय कापणार? पण तो ओरडा माझ्या मानेवर बसला होता. त्या जागी मी ‘थांब’ असं ओरडतो. एकदाच. टेपवर जो निघालाय ना, तो शेवटाला असा चिरत जातो, की ऐकणारा विचारतो हे केलंस कसं? मलाच माहीत नाही! तीन महिने घरात उशी तोंडावर धरून प्रयत्न करतोय. बायको म्हणते, वेगळी खोली घे. उद्या लोकांसमोर गायचं म्हटल्यावर कुठून आणू तो आवाज?”

“हा टेक निवडला कुणी?”

“त्यानंच. गिटारवाल्यानं. मला दुसरा आवडला होता. तो म्हणाला, ह्या ओरड्यासाठी मी बाकी सहा गाणी फेकून देईन.”

ड्रमवाला ठोक्या सुतारकाम करायचा. तो रंधा मारत होता आणि त्यानं हात थांबवला नाही.

“मला तिथे ओरडा नकोच होता,” तो म्हणाला. “सहा सेकंद म्हणजे सहा सेकंद, ठार शांत. त्यावरून आमची जुंपली होती. तुम्हाला माझा संशय असेल तर हरकत नाही. पण कोणाच्या कामावर ब्लेड चालवायचं माझ्या रक्तात नाही.”

“त्या शांततेत तू काही वाजवतोस? ओरड्याच्या शेपटाला दोन ठोके आहेत. खालच्या पट्टीतले. धप्, धप्.”

आता रंधा थांबला. “मी? बाई, त्या सहा सेकंदांत मी श्वाससुद्धा घेत नाही. काठ्या डोक्यावर धरून पुतळा होतो. मला वाटलं, ते रेकॉर्डिंगवाल्या ताईंनी घुमाऱ्यात काहीतरी केलंय.”

“ताईला वाटलं ते तू केलंस.”

ठोक्यानं रंधा खाली ठेवला.

“जेवायला तुम्ही सगळे बरोबर गेलात?” बाईंनी विचारलं.

“मी, भोंगा आणि ताई. गिटारवाला मागून आला. वीस-पंचवीस मिनिटांनी. आला आणि ताटाला हातही न लावता नुसतं पाणी पीत बसला. आम्ही म्हटलं, गाणं अंगात आलंय ह्याच्या.” ठोक्यानं कपाळावरचा भुसा पुसला. “खरं तर दिवसभर चिडलेलाच होता. कुठेतरी काहीतरी गुणगुणतंय, गुणगुणतंय, असं सारखं चालू होतं त्याचं. आम्हाला कुणालाच ऐकू येत नव्हतं.”

बाई तिथून निघाल्या त्या जवळजवळ पळतच. त्यांच्या डोक्यात एक शक्यता आली होती, आणि ती खरी निघू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं.

४

टेपचा एक खोडसाळ स्वभाव आहे. रिळावर फीत थरावर थर बसते. एखादा आवाज फार मोठा असेल आणि रीळ आठवडे न् आठवडे पडून राहिलं, तर तो आवाज शेजारच्या थरांमध्ये झिरपतो. अगदी पुसट. एक वेढा अलीकडे आणि एक वेढा पलीकडे. धंद्यातली माणसं त्याला भूत म्हणतात आणि ते येऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात.

चोरानं ओरडा नेला होता. ओरड्याचं भूत शेजारच्या थरांवर जागच्या जागी होतं. एरवी ते गाण्याच्या गोंगाटात बुडून गेलं असतं, पण इथे तर दोन्ही बाजूंना शांतताच होती.

बाईंनी दार लावून घेतलं, पंखा बंद केला, आवाजाचं बटण कधी फिरवलं नव्हतं तिथवर फिरवलं आणि कानांवर हेडफोन दाबून धरले. आधी नुसती सळसळ. मग, लांबच्या विहिरीतून आल्यासारखा, भोंग्याचा आवाज. “थांऽब!” आणि त्याच्या पोटातून वर येणारा, फाटत जाणारा दुसरा आवाज.

“आयोऽऽ!”

बाईंनी टेप थांबवली. जगात एकच माणूस दचकलं की ‘आयो’ म्हणायचं. बाईंनी तो शब्द हजारदा ऐकला होता. व्हॉल्व्हचा चटका बसला की, मांजर पायांत आलं की, कुणी मागून भॉक केलं की. बल्बकाका.

त्यांनी पुन्हा लावलं. “आयोऽऽ”, मग धप्, मग धप्. दगडावर पडणाऱ्या अंगाचे ठोके.

आणखी एक गोष्ट उरली होती. बाईंनी बाकीच्या सहा गाण्यांची टेप चढवली आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी, जिथे सूर विरत जातात तिथे, कान लावला. बारीक, न तुटणारी गुणगुण. जिन्यातल्या जुन्या ट्यूबलाइटची. माइक तिच्याच शेजारी होता. सहाही गाण्यांमध्ये ती होती.

सातव्या गाण्यात, त्या सहा सेकंदांत, ती नव्हती.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. काका जेवणाच्या वेळी पडलेच नव्हते. गाणं चालू असताना पडले होते, आणि अंधारात पडले होते. तीन महिने सगळ्यांनी टाळ्या वाजवून कौतुक केलं ते त्या ओरड्याचं.

दारावर टकटक झाली. बाईंनी उघडलं. बाहेर गिटारवाला उभा होता, हातात जेवणाचा डबा घेऊन. रोज या वेळेला तो मामाला भरवायला घरी जायचा.

“ताईचा फोन आला होता,” तो म्हणाला. “तुम्ही सगळ्यांना विचारताय. मला का नाही विचारलंत?”

५

“बस,” बाई म्हणाल्या. “तुला विचारायचं नाही. तुला सांगायचं आहे. चुकलं तर बोल.”

तो बसला. डबा मांडीवर.

“तुझ्या गाण्यात सहा सेकंदांची शांतता. त्यात ट्यूबची गुणगुण ऐकू आली असती. बाकीच्यांना नाही, तुला. म्हणून शेवटच्या गाण्याआधी तू जिन्यात गेलास आणि ट्यूब फिरवून ढिली केलीस. नुसतं बटण बंद केलं असतं तर वरून कुणी चालू केलं असतं.”

तो डब्याच्या कडीशी चाळा करत होता.

“काका वरच्या खोलीत काम करत होते. जिन्यात अंधार दिसला. बटण दाबून पाहिलं, दिवा लागेना. काकांना काय वाटणार? स्टार्टर गेला. त्यांनी नवा स्टार्टर खिशात टाकला आणि चाचपडत खाली यायला लागले. खाली तुम्ही तिसऱ्यांदा वाजवत होता. एकाएकी सगळं थांबलं. त्यांना वाटलं, संपलं. आणि दोन सेकंदांनी, अंधारात, त्यांच्या कानाशी स्पीकरमधून भोंगा ओरडला.”

“मला माहीत नव्हतं, बाई. तो वर आहे, उतरतोय, मला खरंच माहीत नव्हतं.”

“तिथवर तुझा गुन्हा नाही. गाढवपणा आहे. पुढचं सांगते. गाणं संपलं. तिघं जेवायला गेले. माइक, स्पीकर, वायरी कुणीतरी आवरल्या आणि उलट्या गुंडाळल्या. माझी नणंद म्हणते, घाईत झालं असेल. घाईत माणूस गुंता करतो, उलटं गुंडाळत नाही. उलटं गुंडाळतो डावखुरा. आतापर्यंत कुणी विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, हो, मी आवरलं, मामा त्यानंतर पडला. आणि कुणालाही ते खोटं ठरवता आलं नसतं.” बाईंनी टेपच्या रिळावर हात ठेवला. “आता येतं. तो गाणं चालू असताना पडला, हे यात आहे. म्हणजे ज्यानं वायरी गोळा केल्या, त्यानं त्याला पडलेला बघितला. ज्यानं ट्यूब पुन्हा घट्ट बसवली, त्यानं उजेडात बघितला. आणि तो जेवायला निघून गेला.”

डबा त्याच्या मांडीवरून घसरला. त्यानं उचलला नाही.

“तुकडा मी नेलाय हे कशावरून?”

“जिन्यातलं एकालाच माहीत होतं. माझ्या तोंडून ‘दोन आवाज’ असं निघालं आणि त्या एकाला कळलं, दुसरा कुणाचा. तोवर तुलाही पत्ता नव्हता. नाहीतर तू हाच टेक हट्टानं निवडला नसतास. आणि मामानं जोड द्यायला आम्हा दोघींना शिकवलं, म्हणजे घरात वाढवलेल्या पोराला शिकवलं नसेल? हे माझ्या आधीच ध्यानात यायला हवं होतं. नणंदेवर उगाच डोळा ठेवला मी.”

त्यानं शर्टाच्या खिशातून एक पाकीट काढलं. आत फीत होती, नीट गोल गुंडाळलेली.

“फेकवलं नाही,” तो म्हणाला. “ताईकडे ऐकताना तो ओरडा मोबाइलवर धरला होता, तीन महिने मी तो गाडीत लावून ऐकत होतो, बाई. लोकांना ऐकवत होतो. बुधवारी तुम्ही बोललात, घरी गेलो, मामाच्या खोलीत मांजर उडी मारून आलं आणि मामा दचकून ओरडला. मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.” त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं. “काय करायचं ते करा. तुकडा बसवा, नाहीतर जाळा. पण मामाला सांगू नका. तो माझ्याशिवाय शर्टसुद्धा घालू शकत नाही. त्याला दुसरं कोण आहे?”

“त्याला वाटतं की चूक त्याची होती,” बाई म्हणाल्या. “हत्यारं वाटून टाकली त्यानं. माझी नणंद तोंड लपवून फिरते. मी नाही सांगणार. तू सांगशील. मी बरोबर येते. उठ.”

“आत्ता?”

“डबा गार होतोय.”

६

बल्बकाका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा. बाईंना बघून ते खुलले. “या, कोरीव काम करणाऱ्या! तबकडी झाली का?”

“अडली आहे, काका. तुमच्यासाठी.”

भाच्यानं सांगितलं. उभ्यानं, भिंतीला टेकून, मध्ये न थांबता. ट्यूब, अंधार, ओरडा, वायरी. काका ऐकत होते. त्यांनी ऐकायला मागितलं, तेव्हा बाईंनी सोबत आणलेल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर तो तुकडा लावला. स्वतःचा आवाज ऐकून काकांनी मान तिरकी केली, एखाद्या मशीनचा बिघाड ऐकताना करायचे तशी.

“मला बघितलंस तेव्हा मी शुद्धीत होतो?”

भाच्यानं बाईंकडे पाहिलं.

“विचारतोय मी.”

“होतास.” त्याचा आवाज भोंग्याच्या दुकानातल्या आवाजाइतका खाली गेला. “मी ट्यूब बसवली, उजेड पडला आणि तू दिसलास. डोळे उघडे होते. तू म्हणालास, ‘लागली का रे ट्यूब?’”

“मग?”

“मी म्हटलं, लागली मामा. तू डोळे मिटलेस. मला वाटलं... मला काहीच वाटलं नाही. अल्बम, पोलीस, ताईचा स्टुडिओ, सगळं एकदम डोक्यात आलं. वाटलं, पाच मिनिटांत कुणीतरी दार उघडेल. कुणीतरी दुसरं. मग दहा मिनिटं झाली. मग इतका उशीर झाला की आता उघडलं तर उशीर का केला ते सांगावं लागलं असतं.”

स्वयंपाकघरात कुठेतरी नळ ठिबकत होता. काकांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि खुर्चीच्या हातावर नीट ठेवला.

“अडीच तास,” ते म्हणाले. “तीन महिने मी स्वतःला शिव्या घातल्या. आयुष्य मशीनमध्ये गेलं आणि साधा जिना उतरता आला नाही, म्हणून. रोज सकाळी तू माझी बटणं लावायचास आणि मी तुला म्हणायचो, तुझ्यावर भार झालो रे.”

“मामा...”

“आता मी बोलतोय.” ते बाईंकडे वळले. “तुकडा जिथला तिथे बसव. आवाज माझा आहे. चोरायचा की ठेवायचा हे दुसरं कुणी ठरवणार नाही. चांगला आलाय?”

“फार चांगला, काका.”

“मग राहू दे. तबकडीच्या पाकिटावर मला अर्पण केलाय ना हा अल्बम? ते खोडा. मी मेलेलो नाही. गाणाऱ्यांच्या यादीत नाव घाला, भोंग्याच्या खाली. आणि आत एक कागद घाला. त्या दिवशी काय झालं ते ह्याच्या अक्षरात. सगळं. ते नसेल तर तबकडी नाही.”

“लिहितो,” भाचा म्हणाला.

“आणि तुझ्या नणंदेला सांग, वरची खोली झाडून ठेव. मी उद्या परत येतोय. हत्यारं ज्याला-त्याला दिलीत, ती परत मागताना लाज वाटेल, पण मागीन.”

“मामा, तुझं कोण करणार तिथे? कपडे, जेवण...”

“तुझ्याकडून करून घेणार नाही एवढं ठरलंय. बाकी शिकेन.”

मंगळवारी बाईंनी तुकडा जोडला. बुधवारी तबकडी कोरली. त्या ओरड्यापाशी सुईची खाच इतकी रुंद उसळते की शेजारच्या खाचेत घुसायची भीती असते, म्हणून बाईंनी हातानं चाक फिरवून तिला जागा करून दिली आणि तेवढा वेळ श्वास रोखून धरला.

‘गंज’ बाहेर आला. लोकांनी कागद वाचला. कुणी तबकडी परत केली, कुणी तेवढ्यासाठीच घेतली. ठोक्यानं बँड सोडला, महिन्याभरानं परत आला, पण गिटारवाल्याशी कामापुरतंच बोलतो. भोंगा आता मंचावर साधं ‘थांब’ म्हणतो आणि वरच्या पट्टीतला भाग गाळतो. ‘तो माझा नव्हे,’ असं लोकांना सांगायला त्याला मुळीच वाईट वाटत नाही. नणंदेनं स्टुडिओ चालू ठेवला. काका वरच्या खोलीत बसतात. डाव्या हातानं डाग द्यायला एका व्हॉल्व्हला अख्खी सकाळ लागते, आणि कुणी मदतीला पुढे आलं की अंगावर खेकसतात.

भाचा दर रविवारी येतो. खोलीबाहेरच्या बाकावर तासभर बसतो आणि जातो. आत जात नाही, कारण बोलावणं नाही. कटरबाईंनी हे दोन महिने पाहिलं आणि मध्ये पडल्या नाहीत.

गेल्या रविवारी त्या काकांकडे एक जळका व्हॉल्व्ह घेऊन आल्या होत्या. बाहेर बाक करकरला. काकांनी मान वर केली नाही.

“कोण आहे?”

“मी,” बाहेरून आवाज आला.

काकांनी वितळलेल्या टोकावर फुंकर घातली, जोड निवायची वाट पाहिली.

“बस,” ते म्हणाले.

त्यांनी बसायला सांगितलं, की पुरे झालं म्हणाले, की आणखी काही, ते बाईंना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. बाहेर बाक पुन्हा करकरला. भाचा बसला होता.